डबल बेल

जेवायला बसल्यावर आप्पांचा उजवा हात आधी मिठाकडे जायचा. भाकरी मोडायच्या आधी, आमटीची चव कशी झालीय हे कळायच्याही आधी. चिमूटभर मीठ उचलून ताटाच्या कडेला ठेवायचं, मग पहिला घास. आता दोन वर्षं झाली, मिठाची सट आईने फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात नेऊन ठेवलीय. हात मात्र अजून जातो. तिथे काही लागत नाही, मग तो जरासा थबकतो आणि कांद्याच्या फोडीवर येतो. महिन्यातून दोनदा मी पुण्याहून बार्शीला येते आणि हे बघत बसते. अँजिओप्लास्टीनंतर घरात काय बदललं असं कुणी विचारलं, तर मला तो थबकलेला हातच आठवतो.

आप्पांनी एकतीस वर्षं लाल गाडी चालवली. मुक्कामाच्या गाड्या, पहाटेच्या गाड्या, आषाढीच्या जादा गाड्या. स्टँडवरची गरम भजी, दोन पाव आणि गोड चहा यावर त्यांचे महिनेच्या महिने गेले. तंबाखूची डबी खिशात असायचीच. मग एका दुपारी जिना चढताना छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. सोलापूरला अँजिओग्राफी झाली. एका धमनीत स्टेंट बसला. दुसरी साठ टक्के अरुंद होती, तिला हात लावला नाही. ‘हिला गोळ्यांवर आणि पथ्यावर ठेवू,’ डॉक्टर म्हणाले. एखाद्या वाह्यात पोराला मामाकडे ठेवावं, तसं.

पथ्य या शब्दाच्या पोटात ‘पथ’ आहे, हे मला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर जाणवलं. वाटेला धरून असतं ते पथ्य. इतकी वर्षं हा शब्द मला आजारी माणसाच्या मऊ भाताचा वाटत होता. रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला आता हा नवा रस्ता मिळाला होता, आणि तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद!

आप्पांच्या गाडीवर बरीच वर्षं एकच कंडक्टर होते. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. आप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, अंगाने काटक, छातीत कधी कळ आलेली नाही. आप्पांना याचं फार वाईट वाटायचं. ‘एकाच गाडीत बसलो, एकाच टपरीवर चहा प्यालो, मग मलाच का?’ मी त्यांना लंडनच्या जेरी मॉरिस यांची गोष्ट सांगितली. या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या दुमजली बसच्या हजारो ड्रायव्हर-कंडक्टरांचे आजार तपासले आणि 1953 साली छापलं, की दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. पुढे त्यांनी या लोकांच्या गणवेशाची मापंसुद्धा काढली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत मोठ्या निघाल्या, आणि नोकरीला लागतानाच मोठ्या होत्या! म्हणजे सगळा दोष त्या सीटचाही नव्हता. मॉरिस स्वतः व्यायाम करत नव्व्याण्णव वर्षं जगले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरांना म्हणाले, ‘तुम्ही बसायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरायचा ना? जगलात त्याच्यावर.’

ड्रायव्हर माणसाला आकडा लागतो. किती किलोमीटर झाले, किती डिझेल गेलं. सहा महिने तेल मोजून, भजी सोडून, सकाळी चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘ती दुसरी किती उघडली?’ ते परत आत नळी घातल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि त्रास नसताना डॉक्टर नळी कशाला घालतील? मग मी त्यांना दुसऱ्यांचा आकडा दिला. कॅलिफोर्नियात डीन ऑर्निश या डॉक्टरांनी काही हृदयरुग्णांना वर्षभर जवळजवळ बिनतेलाचं शाकाहारी जेवण, चालणं, योगासनं आणि आपसात मन मोकळं करायच्या बैठका यांवर ठेवलं, कोलेस्टेरॉलची गोळी न देता. 1990 साली निष्कर्ष आले. धमन्यांतला अडथळा सरासरी 40 टक्क्यांवरून 37.8 टक्क्यांवर आला होता.

‘सव्वादोन टक्के?’ आप्पा खरोखर दुखावले. ‘एवढ्यासाठी भजी सोडायची?’

‘आणि ज्यांनी सोडली नाही त्यांचं?’ आईने लसूण सोलता सोलता विचारलं.

त्यांचा 42.7 वरून 46.1 वर गेला होता.

आई काही बोलली नाही. लसणाच्या पाकळ्या तेवढ्या जरा जोरात वाटीत पडल्या.

तो अभ्यास जेमतेम अठ्ठेचाळीस माणसांचा होता, आणि इतकं कडक पथ्य आमच्या घरात आठवडाभरही टिकलं नसतं. पण सव्वादोन टक्क्यांचं कोडं मला पुढेच उलगडलं. आपण समजतो, नळात क्षार साचतात तशी धमनीत चरबी साचते आणि हळूहळू नळ बंद होतो. तसं नसतं. चरबी धमनीच्या आतल्या अस्तराखाली जमते, कातडीखाली गळू धरावं तशी. वर पातळ पापुद्रा. तो फुटला की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. वर्षानुवर्षं निम्मंच अरुंद असलेलं ठिकाणही असं फुटू शकतं. म्हणून वाट किती रुंदावली यापेक्षा तो पापुद्रा किती जाड झाला आणि आतली आग किती निवली याला महत्त्व. तंबाखू सुटली, तेल-मीठ उतरलं, रोज पाय चालले, गोळी चुकली नाही, की तो पापुद्रा धरतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही.

आईला हे सगळं सांगायची गरजच पडली नाही. तिने एक दिवस बाजारातून जवस आणले. मंद आचेवर भाजले, तडतडले तसे उतरवले, लसूण, जिरं, लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटले. मीठ नावाला. तिच्या माहेरी ही चटणी थंडीत रोज असायची. सासरी शेंगदाण्याच्या चटणीने तिला मागे सारलं होतं. मला फ्रान्समधलं ल्यों शहर आठवलं. एकदा झटका येऊन गेलेल्या सहाशे पाच रुग्णांपैकी निम्म्यांना तिथे पाव, भाज्या, फळं, मासळी आणि लोण्याऐवजी जवसातल्यासारखं मेदाम्ल असलेला एक स्निग्ध पदार्थ दिला होता. त्यांच्यात पुढचे झटके आणि मृत्यू इतके कमी झाले, की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. जवस गोळीची जागा घेत नाहीत. ज्वारीच्या भाकरीशेजारी बसतात, एवढंच. आणि जुनं ते सगळं सोनं, असंही मला म्हणायचं नाही. पापड, खारवलेल्या मिरच्या, लग्नाच्या पंगतीतलं वनस्पती तूप, हेही आमचं जुनंच.

खरं अवघड निघालं ते निराळंच. आपल्याकडे जेवण म्हणजे आग्रह. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून एक जिलबी टाकली नाही, तर वाढणाऱ्याला वाढल्यासारखं वाटत नाही. आत्या आली, धपाटी लोण्यात बुडवून पुढे केली, आप्पा नको म्हणाले, तर तिचे डोळे भरले. ‘दादा, आता माझ्या हातचं पण चालत नाही का?’ याला कोणत्या डॉक्टरकडे गोळी आहे? शेवटी आईनेच तोड काढली. ती आत्याला म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही हुलग्याचं माडगं करा. तुमच्यासारखं मला जमत नाही.’ आत्याने डोळे पुसले आणि हुलगे कुठे ठेवलेत ते विचारलं. त्या रात्री आप्पांना तीन वाट्या माडगं प्यावं लागलं. आग्रह तसाच राहिला, भांड्यातलं तेवढं बदललं.

सकाळी सहाला मास्तर दाराशी येतात. मास्तरांचा नियम, आप्पा पुढे आणि ते मागे; गाडीतली सवय. परवा मीही गेले होते. भगवंताच्या देवळाकडून परतताना कोपऱ्यावर भज्यांचा पहिला घाणा पडला होता. आप्पांचे पाय आपोआप सावकाश झाले. ते थांबले. कढईकडे नाही, समोर रस्त्याकडे बघत होते, पण श्वास चांगला लांब घेतला. मी काही बोलणार होते. मास्तरांनी मला हातानेच गप्प केलं, दोन पावलं मागे राहिले, आणि छत्रीच्या मुठीने विजेच्या खांबावर दोन टोले दिले.

टण्. टण्.

आप्पांचा डावा हात गिअर टाकावा तसा किंचित हलला, आणि ते चालू लागले.