नवा दोर, जुनी कप्पी

तूर-हरभरा निघाला, वावर मोकळं झालं, की मालेगाव-रिसोडकडे बोअरच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. कितीतरी गाड्या थेट तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. खाली काळा पाषाण. साडेसहा इंची बिट धुरळा उडवत त्यात उतरू लागलं, की सगळे खड्ड्याकडे बघतात. मी वर बघतो, मास्टच्या शेंड्यावरच्या कप्पीकडे. विंचचा दोर तिच्यावरून वळून रॉड आणि केसिंग उचलतो. 20 फुटी रॉड, 300 फुटांचा बोअर. म्हणजे 15 रॉड लावायचे, 15 परत ठेवायचे. दर खेपेला दोर वाकणार, सरळ होणार.

दोर बघायचा तो सकाळी, हुकाला काही टांगलेलं नसताना. आधी डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश मारायचा, कारण ग्रीसखाली सगळं झाकून जातं. मग गोणपाटाचा तुकडा दोराभोवती धरून सावकाश सरकवायचा. तुटक्या तारेला तो अडकतोच. उघडा हात लावू नये, तार बोटात मोडून राहते. (माझ्या अंगठ्याला विचारा.) पदराच्या पाठीवर तुटलेली तार बहुधा घासून गेलेली असते. दोन पदरांच्या फटीत तुटलेली दिसली तर दुखणं आतलं. तिथे मी मालकाशी घासाघीस करत नाही, दोर उतरवतो.

एवढं कळूनही एकदा फसलो. एका गाडीवर मी चढवलेला नवा दोर दोन महिन्यांत विस्कटला. दुकानदाराला चार शब्द सुनावून आलो. मग मास्ट आडवा करून कप्पीच्या खाचेत बोट फिरवलं, तर आत पदरांचे ठसे, कानशीसारखे खरखरीत. जुना दोर झिजून बारीक झाला होता आणि खाच त्याच्याच मापाची होऊन बसली होती. पुऱ्या जाडीचा नवा दोर तिच्यात चिमटत होता. आमचा आजा मोटेला नवा नाडा लावण्याआधी चाकाची खाच चाचपायचा. मी ते शंभरदा पाहिलं होतं.

आता पेटीत नव्या दोराचा वीतभर तुकडा असतो. तो खाचेत धरून बघतो. तळाला टेकला तर ठीक, काठांवरच अडकला तर कप्पी बदलायची. शिवाय कप्पी हाताने हलवतो. डुगडुगली की बुश गेलं.

परवा मास्ट आडवा करायला सांगितला, तर हेल्पर कुरकुरला, "भाऊ, दोर तं नवाच हाये!"

"म्हणूनच," म्हटलं.