थकबाकीदार

आमच्या सोसायटीच्या जिन्याखालीं एक नोटिसफलक आहे. २०१९ च्या पावसाळ्यानंतर त्यावर थकबाकीदारांची यादी लागली आणि तींत पहिलेंच नांव माझें होतें!

कारण साधें होतें. आमच्या डोक्यावरची गच्ची गळत होती व माझ्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत ओली झाली होती. चिटणिसांना मीं चार पत्रें लिहिलीं. उत्तर एकाचेंहि आलें नाहीं. तेव्हां मीं मासिक वर्गणी देणें बंद केलें. तीस वर्षें इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला आपल्या हट्टासाठीं थोर पूर्वज शोधणें अवघड जात नाहीं. मला थोरो आठवला. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ त्यानें डोईपट्टी नाकारली व १८४६ सालीं एक रात्र तुरुंगांत काढली. मी तर आरामखुर्चींत बसूनच हुतात्मा झालों होतों!

परिणामांची कल्पना मला नव्हती असें नाहीं. आमच्या उपविधींप्रमाणें बाकीवर दरसाल दरशेकडा २१ दरानें व्याज चढत होतें. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालीं निबंधकानें वसुलीचा दाखला दिला, कीं ती रक्कम जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल होते. घरावर जप्तीहि येऊं शकते. पण हे सारे परिणाम माझे मला भोगावयाचे आहेत, अशी माझी समजूत होती. तींतच माझी चूक होती.

माझें पाहून आणखी तीन बिऱ्हाडांनीं हात आखडता घेतला. त्यांच्या भिंती मात्र कोरड्या होत्या! सोसायटीची शिल्लक संपली आणि पंपाचें व जिन्यांतील दिव्यांचें वीजबिल थकलें. २००३ च्या विद्युत् कायद्याप्रमाणें पंधरा दिवसांची लेखी नोटीस आली, आणि एके सकाळीं पंप बंद पडला. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता, कारण माझें स्वतःचें बिल मीं वेळेवर भरलें होतें. नळ मात्र कोरडा होता.

बादली घेऊन मी खालच्या टाकीवर निघालों. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आमच्या शेजारच्या मावशी भरलेली कळशी पायरीवर टेकून उभ्या होत्या. दरमहा पांच तारखेच्या आंत वर्गणी भरणाऱ्या त्या सत्तरीच्या बाई! मीं कळशी उचलली. त्यांनीं दम घेत विचारलें, “सर, तुमचं भांडण मिटलं का हो?” त्या प्रश्नांत उपरोध नव्हता, असता तर मला सोपें गेलें असतें.

त्याच दिवशीं निषेधाचें पत्र जोडून मीं सारी बाकी व्याजासह भरली. गळतीची दाद मागण्यास सहकार न्यायालय आहे. तो रस्ता पूर्वीच धरावयास हवा होता.

नंतर थोरोचा तो निबंध पुन्हा वाचला. डोईपट्टी नाकारणारा हा गृहस्थ रस्त्याची पट्टी मात्र बिनतक्रार भरीत असे. कां, तर त्याला चांगला शेजारी व्हावयाचें होतें. हें वाक्य मीं तीस वर्षें वर्गांत वाचून दाखविलें होतें. त्यावर विवेचन करण्याची गरज मला कधींच भासली नव्हती.