डावी बाजू

आमचे अब्बा मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' असं लिहायचो. अब्बांच्या बोटांना सोल्डरचा वास यायचा, नखं काळी असायची. मला त्याची लाज वाटे. पुढे मी बँकेत लागलो आणि दुकान बंद झालं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

दुकानातली एकच वस्तू घरात उरली होती. अब्बांनी १९७८ साली स्वतः जोडलेला स्टिरिओ अॅम्प्लिफायर. लाकडी पेटी, मागे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टू एन ३०५५ जातीचे चार ट्रान्झिस्टर. २०१९च्या पावसाळ्यात त्याची डावी बाजू मुकी झाली आणि उजवीतून एकसारखी घरघर येऊ लागली. मी तो भंगारात द्यायला निघालो, तेव्हा खाटेवरून अब्बा म्हणाले, "खोल उसे. मैं बताताऊं."

मधुमेहानं त्यांची नजर गेली होती. हात थरथरायचे. कान मात्र शाबूत होते.

पहिला धडा वीज देण्याआधीच मिळाला. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नव्हता. दुसरा धडा, "एक हात खिशे में रख." दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो.

घरघर ऐकून अब्बा म्हणाले, "ये सौ का है." घरची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. ती डायोडमधून सरळ होते तेव्हा त्याचे १०० होतात, आणि ते शांत करण्याचं काम मोठ्या कपॅसिटरचं. तो वाळला की हेलकावे स्पीकरमध्ये उतरतात. बंद केल्यावरही त्यात वीज साठून असते, म्हणून आधी ती बल्बवरून उतरवली आणि मग ४७०० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर बसवला. घरघर थांबली.

डावी बाजू मात्र मुकीच. सर्किटचा कागद कधीच हरवला होता. अब्बा हसले. "नक्शा बाजूइच में है." खरंच, स्टिरिओत एकाच रचनेच्या दोन बाजू असतात. चांगल्या बाजूला मीटर लावायचा, मग त्याच जागी बिघडलेल्या बाजूला. पुरवठा ४८ व्होल्ट, ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर त्याच्या निम्मे हवेत. उजवीकडे २४. डावीकडेही २४. म्हणजे ट्रान्झिस्टर ठीक होते, दोष त्यांच्या पुढे होता. पुढे होता फक्त आवाज स्पीकरकडे नेणारा जाडजूड कपॅसिटर. त्याला पेन्सिलीनं टिचकी मारली. खर्रकन् आवाज आला आणि गेला.

भिंगातून पाहिलं. त्याच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती. मी सांगितलं. अब्बा बराच वेळ गप्प राहिले.

"वो मेरेच हात का है. ईद के पयले रात को जोड्या था. जल्दी में."

अब्बांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "एकेचाळीस वर्षं धरून राहिला की!" मी म्हणालो.

"पकड्या नै था. बस टिक्या था."

मी त्यावरच नवं सोल्डर द्यायला गेलो. अब्बांनी थांबवलं. आधी जुनं सगळं काढायचं, पाय खरवडून चकचकीत करायचा, मगच नवं. वर वर दिलेलं पुन्हा सुटतं.

रात्री तबकडी लावली. आमच्याच मिरजेच्या दर्ग्यात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी. खाँसाहेब १९३७ साली गेले, तेव्हाचं ध्वनिमुद्रण एकाच वाटेचं. दोन्ही स्पीकरांना सारखाच आवाज जातो. दोन्ही बाजू बरोबर चालत असतील तर गाणारा मधोमध बसल्यासारखा वाटतो. एक बाजू कमी पडली की तो कलतो.

अब्बा दोन स्पीकरांच्या मध्ये बसले. मान किंचित डावीकडे केली, मग उजवीकडे.

"बीच में है," ते म्हणाले.

जेवायला हाक आली. हात धुवायला उठलो, तर बोटांना सोल्डरचा वास येत होता. तसाच पुन्हा अब्बांजवळ येऊन बसलो.