तुसाचा भाव

मुळा आणि पवनेच्या बेचक्यातली जुनी सांगवी ज्यांनी पाहिली, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती वखारीतला भुसा ठासून भरायचा आणि बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. मधल्या नळीतून हवा खेळायची. भुसा नीट ठासला असेल तर सकाळचा स्वयंपाक फारसा धूर न होता उरकायचा. सैल राहिला तर मध्येच ढासळून विझायचा. आमच्या आया हे रोज करत. त्याला ऊर्जाबचत म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

घरातले पुरुष मात्र सायकली हाणत खडकीला, दापोडीच्या एसटी वर्कशॉपला, पिंपरीला जायचे. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि बघता बघता भोसरी-चिंचवडची शेतं शेडखाली गेली. मी कामाला लागलो तेव्हा 1973चा तेलाचा भडका होऊन गेला होता, 1979चा यायचा होता. आमचा बॉयलर फर्नेस ऑइलवरचा. दुसऱ्या भडक्यानंतर मालकांचे डोळे पांढरे झाले. तोवर चिंचवडच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या तूस आणि उसाचं चिपाड जाळणारे बॉयलरही करू लागल्या होत्या. आमच्याकडेही तुसाचा बॉयलर आला.

मावळातल्या भातगिरण्यांमागे तेव्हा तुसाचे ढीग पडलेले असत. भाताच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तूसच. नेणारा भेटला तर गिरणीवाला सुटलो म्हणायचा. पण तूस जाळणं सोपं नाही. राख भरपूर, तीही वाळूसारखी, नळ्या घासून काढणारी. ओलं असलं की चिमणीतून काळे लोट. आमच्या खात्यात मावळातले एक हेल्पर मामा होते. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “अरे, ढीग काय ओतताय? थोडं थोडं, पण सारखं घाला. आणि आधी छपराखाली सुकवा.” तसं केल्यावर धूर उतरला. कुणीतरी ते कागदावर लिहून सूचनापेटीत टाकलं, खाली मामांचा अंगठा. खंडेनवमीच्या पूजेला साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर प्रेशर कुकर दिला. बोनस कायद्यानं सगळ्यांनाच मिळे, 1965च्या कायद्याप्रमाणे किमान 8.33 टक्के, पण कुकर मामांचा एकट्याचा. त्यानंतर पेटीत इतके कागद पडू लागले की तिला कुलूप लावावं लागलं.

आता भाच्याच्या चाकणच्या कारखान्यात तेच काम किती सफाईदार झालंय! सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं, चिपाड दाबून केलेल्या कांड्या ट्रकनं येतात. व्यापारी त्याला पांढरा कोळसा म्हणतात. किलोला साधारण 4,000 किलोकॅलरी. फर्नेस ऑइलच्या 10,000च्या हिशेबानं एका किलो तेलाला अडीच किलो कांड्या. चिमणीतला ऑक्सिजन पडद्यावर दिसतो. आम्ही धुराच्या रंगावरून अंदाज बांधायचो. हे नक्कीच बरं. तूसही आता फुकट नाही, त्याला भाव आला. उसाचं पाचट मात्र अजूनही कित्येक शेतांत फडातच पेटवतात.

बक्षिसंही मोबाइलवर आलीत. कायझेनचा, म्हणजे छोट्या सुधारणेचा, फॉर्म भरायचा, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, पॉइंट जमा, पॉइंटांचं व्हाउचर. महिन्याला ठरावीक कायझेन द्यायचे असल्यामुळे झाडूच्या जागेवर ‘झाडू’ अशी पट्टी चिकटवणंही त्यात मोजलं जातं. चालायचंच.

बॉयलरवर फावडं मारणारा पोरगा लातूरकडचा, कंत्राटी. त्यानं गोणीतली एक कांडी हातात घेतली, मोडली, मधला भाग चिमटीत चुरला आणि भाच्याला म्हणाला, “साहेब, हा माल आतून ओला आहे, परत पाठवा.” मीटर लावून बघितलं तर खरंच ओलावा जास्त. भाचा मोठ्या मनानं म्हणाला, हा कायझेन तुझ्याच नावावर टाकू. पण त्या फॉर्ममध्ये कायम कामगाराचा नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.