‘बिघडलं तर माझ्यावर!’

नवी आयडिया काढायला डोकं लागतं. ती चार माणसांत टिकवायला मात्र वजन लागतं आणि ते वजन बहुतेक वेळा आपलं नसतंच! ऑफिसात हे आपल्याला पाठ असतं. चर्चमध्येही फंडा तोच.

मी वसईची. आमच्याकडे पॅरिशच्या मीटिंगमध्ये ‘आजवर असं झालं नाही’ हे वाक्य कुणी टाकलं, की विषय संपलाच म्हणून समजा. माझ्या एका मैत्रिणीला तरुणांसाठी ग्रुप सुरू करायचा होता. नोकरीचं टेन्शन, मोडलेली लग्नं, सगळ्यावर मोकळं बोलायला. मीटिंगआधी दोघा-तिघा सीनियर्सनी तिला बाजूला घेऊन ‘छान आहे गं’ म्हटलं. मीटिंगमध्ये मात्र सगळे जमिनीकडे बघत बसले. आता ती चर्चमध्ये दिसते, ती फक्त नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला.

दुसऱ्या मित्राचं नशीब बरं. विरार फास्टमधून लोंबकळत येणाऱ्यांना संध्याकाळची मिस्सा मिळणार कशी? म्हणून त्याने गुरुवारी रात्री सव्वानऊची प्रार्थना सुचवली. एक गिटार, थोडं शास्त्रवाचन, दहा मिनिटं शांतता. झालं, कुजबुज सुरू!

तेव्हा आमचे सर उठले. रिटायर्ड शिक्षक, कॉयरमध्ये कित्येक वर्षं हार्मोनियमवर. गिटार त्यांना मुळीच आवडत नाही! पण म्हणाले, ‘मी अल्टर बॉय होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. मराठीत आली तेव्हाही लोक कुरकुरले. तीन महिने करून बघू. बिघडलं तर माझ्यावर.’

पहिल्या गुरुवारी आम्ही सातजण होतो. टोमणे सरांनी ऐकले, मित्रापर्यंत पोचू दिले नाहीत. स्वतः मागच्या बाकावर बसायचे. चूक दिसली तर बाहेर, चहा पिताना सांगायचे. माइक मात्र एकदाही हातात घेतला नाही. तीन महिने संपले, प्रार्थना चालूच राहिली.

बायबलमध्येही असे एक सर आहेत : बर्णबा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजेच पुढचा पौल, बदलून यरुशलेमला आला, तेव्हा कुणी त्याच्यावर विश्वास ठेवेना. स्वतःचं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला. आपली पत त्याच्यासाठी पणाला लावली. नंतर तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं. वर्षभर दोघांनी मिळून काम केलं. आज पौलाची पत्रं जगभर वाचली जातात. बर्णबा किती जणांना आठवतो? वजनदार माणसाला हेही झेपायला हवं.

पाठिंबा म्हणजे पाठ थोपटणं नव्हे. तो सगळ्यांसमोर, ठरावीक मुदतीसाठी आणि आपल्या नावावर द्यावा लागतो. खासगीतलं ‘छान आहे’ अगदी फुकट असतं!

आणि एक सांगू? पस्तिशी आली, कमिटीत नाव लागलं, फादर आपल्याला नावाने ओळखू लागले, की सीनियर आपणच. पुढच्या मीटिंगला विशीतली एखादी पोरगी काहीतरी भन्नाट सुचवेल आणि खोलीत शांतता पसरेल. तेव्हा जमिनीकडे बघू नका. हात वर करा!