पायथ्याशी

मंडळाच्या पिकनिकमध्ये कुणी विचारो न विचारो, "यंदा शिकागो मॅरेथॉन पळणार" असं मी सांगत सुटलो होतो. त्यामुळे २०२३च्या ऑगस्टअखेरीस डाव्या पायात गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट चढवून गणपतीच्या मीटिंगला गेलो, तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही.

चूक सर्वस्वी माझी. आठवड्याला २० मैल पळणारा मी तीन आठवड्यांत ३५ मैलांवर गेलो. नडगी ठणकत होती, तरी बर्फ लावून पळत राहिलो. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. एमआरआयमध्ये हाडाला गेलेला बारीक तडा दिसला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पळताना हाड झिजतं, विश्रांतीत भरून येतं. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. सहा आठवडे पळणं बंद!" बारा आठवड्यांचं काम सहा आठवड्यांत मागणाऱ्या मॅनेजरांवर मी आजवर चिडत आलोय. स्वतःच्या हाडाशी मात्र तेच वागलो होतो.

पहिला आठवडा घरातल्यांना फार जड गेला. बायको शेवटी म्हणाली, "अरे, तडा पायाला गेलाय, जिभेला काय झालंय?"

त्याच रविवारी पुण्याला फोन केला. बाबा पंचवीस वर्षं रोज पर्वती चढत. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, त्याला वर्ष झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला सकाळी करमतं कसं हो?"

"मी जातो की रोज! पायथ्याशी बसतो, हात-मान हलवतो, उतरून येणाऱ्या मंडळींशी गप्पा मारतो. टेकडी कुठे जात नाही रे. आपली सकाळ मोडू द्यायची नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा साडेपाचचा गजर लावला. आधी प्राणायाम आणि बसून डंबेल्स. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वायएमसीएच्या तलावात, कमरेला फोमचा पट्टा बांधून, खोल पाण्यात जागच्या जागी पळणं. पाय तळाला टेकत नाहीत, त्यामुळे हाडावर भार येत नाही. दम मात्र चांगलाच लागतो. शेजारच्या लेनमधल्या सत्तरीच्या आजीबाई मला सहज मागे टाकत. हळूहळू त्याचंही वाईट वाटेनासं झालं. गणपतीत लेझीम हुकली, पण खुर्चीत बसून टाळ वाजवले. दहा वर्षांत पहिल्यांदाच आरती नीट ऐकली.

८ ऑक्टोबरला पळायचं होतं त्याच रस्त्यावर पाण्याचे पेले वाटत उभा राहिलो. केल्विन किप्टम २ तास ३५ सेकंदांच्या विश्वविक्रमाकडे निघाला होता. तो वाऱ्यासारखा गेला. मला मात्र आठवते ती खूप मागून, पाय ओढत आलेली एक बाई. तिने पेला घेतला, थांबून "थँक यू" म्हटलं आणि पुन्हा चालू लागली.

नंतर चार मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं, असं पहिलीच्या मुलासारखं गिरवत मी परत पळू लागलो. नडगी कुरकुरली की आता मुकाट्याने घरी येतो. पुण्यात त्या वेळी संध्याकाळ असते. फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय, पायथ्याशी जाऊन आलास का?"