अंगठा वर म्हणजे 'ओके' नव्हे!

बीच हॉलिडे म्हटलं की आपण सगळे एकाच साच्यातून निघतो. पहिल्या दिवशी समुद्राकडे पाठ करून फोटो, दुसऱ्या दिवशी शहाळं हातात घेऊन फोटो, तिसऱ्या दिवशी वाळूत पसरलेल्या स्वतःच्याच पायांचा फोटो... आणि चौथ्या दिवशी 'आता काय करायचं?' हा यक्षप्रश्न! एवढा मोठा समुद्र समोर असतो आणि आपण त्याचा वापर करतो वॉलपेपरसारखा. बॉस, एवढे पैसे भरून इतक्या लांब आलोच आहोत, तर जरा आत डोकावायला काय हरकत आहे?

अंदमानात आत डोकावायचे दोन रस्ते आहेत. एक शॉर्टकट, म्हणजे अर्ध्या तासाचा 'ट्राय डाइव्ह'. इन्स्ट्रक्टर मागून धरून तुम्हाला पाण्याखाली फिरवून आणतो, सगळी बटणं तोच दाबतो, व्हिडिओ मिळतो, काम फत्ते! दुसरा रस्ता तीन-चार दिवसांचा, म्हणजे 'ओपन वॉटर' कोर्स. त्यात अभ्यास आहे, लेखी परीक्षा आहे, पोहण्याची चाचणी आहे आणि शेवटी हातात एक कार्ड पडतं. ते दाखवलं की जगात कुठेही जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत डाइव्ह करता येतो. मी आणि माझ्या नवऱ्याने दुसरा रस्ता धरला. सुट्टी टाकून परीक्षेला बसणारे वेडे आम्हीच!

नाव नवं, बेट तेच

आमचं ठिकाण होतं हॅवलॉक. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचं अधिकृत नाव 'स्वराज द्वीप' आहे आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही 'श्री विजयपुरम' झालं. गप्पांमध्ये मात्र अजून हॅवलॉकच. चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून फेरीने दीड ते अडीच तास, की समोर नारळ-सुपारीच्या बागा आणि भातशेती. अगदी कोकणात आल्यासारखं वाटतं! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवण्यात आलं. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. डोंबिवलीतल्या सोसायट्यांची यादी वाचतोय असंच वाटावं! बीचना मात्र चक्क नंबर आहेत. त्यातल्या सात नंबरच्या राधानगर बीचला 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं.

इथे सूर्य भलताच शिस्तीचा. घड्याळ आपलंच, पण बेट कोलकात्याच्याही पूर्वेला. त्यामुळे थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच काळोख पडायला लागतो आणि सकाळी आपोआप लवकर जाग येते. आणि हो, 'तिथे नेटवर्क नाही' हा बहाणा आता चालत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून ऑप्टिकल फायबरची केबल इथपर्यंत आली. बॉसचे मेल बेटावर येतात. पाण्याखाली अजून येत नाहीत!

वेफर्सच्या पाकिटाचा फंडा

पहिला दिवस वर्गात गेला. आमचा इन्स्ट्रक्टर मायाबंदरजवळच्या गावातला, करेन समाजाचा. या समाजाचे पूर्वज १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून अंदमानात आले. बोलणं कमी, हसणं जास्त. त्याने पहिलाच नियम फळ्यावर लिहिला : श्वास कधीही रोखायचा नाही.

का? तर महाबळेश्वरला जाताना गाडीतलं वेफर्सचं पाकीट आठवा. घाट चढेपर्यंत ते टम्म फुगतं, कारण वर हवेचा दाब कमी असतो. पाण्यात हाच प्रकार, पण कितीतरी पट जोरात. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर ती दुप्पट जागा मागणार. पाकीट फुटलं तर नवीन घेता येतं, फुप्फुसाचं तसं नाही. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि वर यायचं तेही अगदी सावकाश, आपल्याच सोडलेल्या बारीक बुडबुड्यांच्या मागे राहून.

दाबाचा दुसरा हिसका कानाला बसतो. विमान उतरताना बसतात तसे कान बसतात. मग नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दर मीटरभराला, दुखायला लागायच्या आधीच. नाहीच सुटले कान, तर थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न. जबरदस्ती अजिबात नाही.

या खेळातलं यंत्र तसं आपल्या आजोबांच्या काळातलं. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी 'अॅक्वालंग' बनवलं. तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारी झडप, ही त्यातली खरी कमाल. आजही तत्त्व तेच आहे.

दुपारी २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. वेळेची अट नाही, त्यामुळे सोसायटीच्या स्विमिंग पूलची पुण्याई कामी आली. मग कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसून खरी शाळा सुरू झाली. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. ऐकायला सोप्पं! पण नाकाशी पाणी आलं की मेंदू एकच ऑर्डर सोडतो : 'उठ आणि पळ!' त्या ऑर्डरकडे दुर्लक्ष करून तोंडाने शांतपणे श्वास घेत बसणं, हाच सगळा कोर्स. बाकी तपशील.

पाण्याखालची भाषा

खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकाव्या लागतात. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला'. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा, आपण 'झकास!' म्हणताना करतो तसा. पंजा आडवा धरून डुगडुगवला की 'गडबड आहे', मग जिथे गडबड असेल तिथे बोट दाखवायचं. दिवसभर चॅटवर अंगठे पाठवणाऱ्या माझ्यासारखीला ही सवय मोडायला दोन दिवस लागले.

आणि मग त्याने तो नियम सांगितला, ज्यासाठी मी हा लेख लिहितेय. कुठलाही डायव्हर, कुठलाही डाइव्ह, कुठल्याही क्षणी, कुठल्याही कारणासाठी थांबवू शकतो. कारण द्यावं लागत नाही आणि कोणी विचारायचं नाही. एकाने अंगठा वर केला की त्याच्या जोडीदारानेही वर यायचं. चर्चा नाही, 'अजून पाच मिनिटं' नाही, तोंड वाकडं करणं तर नाहीच.

वर्गात आम्ही माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा खरा अर्थ कळला.

चार मीटरवरचा 'नाही'

पहिले दोन डाइव्ह सुरळीत पार पडले होते. तिसऱ्यासाठी डोंगी निघाली, समुद्र काचेसारखा. दोरीला धरून उतरायला लागलो. चार मीटरवर नवरा थांबला. नाक धरून फुंकतोय, पुन्हा फुंकतोय. थोडा वर गेला, पुन्हा आला. विमानातल्या एसीने झालेली सर्दी पूर्ण गेली नव्हती. त्याने पंजा डुगडुगवला, कानाकडे बोट दाखवलं. इन्स्ट्रक्टरने त्याला अजून थोडं वर नेलं. पुन्हा प्रयत्न. नाही.

माझ्या पायांखाली निळं-हिरवं जग पसरलेलं होतं. सहा महिने साठवलेले पैसे, मोजून मिळालेली रजा, सगळं तिथे खाली. आणि हा माणूस ऑफिसात रात्री दहालाही 'हो सर, होऊन जाईल' म्हणणारा. ताप असताना प्रेझेंटेशन देऊन आलेला. मला वाटलं, आता हा दात-ओठ खाऊन खाली उतरणार. तसं केलं तर कानाचा पडदा फाटू शकतो, हे आम्हाला दोघांनाही पाठ होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.

इन्स्ट्रक्टरने लगेच अंगठा वर करून उत्तर दिलं. मग मीही. तिघेही सावकाश वर आलो. डोंगीत चढलो, कोणीतरी हातात चहा दिला. 'का?' नाही, 'काय रे हे?' नाही, 'पैसे भरलेत ना?' नाही. इन्स्ट्रक्टर इतकंच म्हणाला, ''अच्छा डाइव्ह था.'' आणि तो गंमत करत नव्हता. नवरा बराच वेळ समुद्राकडे बघत बसला, मग म्हणाला, ''अगं, सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा 'आज नाही जमत' म्हणालो आणि कोणी स्पष्टीकरण मागितलं नाही.''

आणि मग खाली...

त्याला विश्रांती सांगितली गेली. माझे राहिलेले डाइव्ह मी इन्स्ट्रक्टरसोबत केले. पाण्याखाली पहिली गंमत रंगांची. लाल रंग सगळ्यात आधी गळतो. माझं लालभडक नेलपॉलिश खाली गेल्यावर चिखलासारखं काळपट दिसायला लागलं, टॉर्च मारला की पुन्हा लाल! वस्तू आहेत त्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात. आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे तो नेमका कुठून आला ते कळतच नाही. कुरुम-कुरुम ऐकू आलं. शोधलं तर पोपटमासा चोचीने खडक खरवडून शेवाळ खात होता.

समुद्रफुलाच्या झुपक्यात केशरी-पांढरे क्लाउनफिश होते. यांच्या घरात मादी सर्वेसर्वा. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो आणि कारभार हाती घेतो. काही ठिकाणी मात्र प्रवाळ नुसतेच करड्या सांगाड्यांसारखे उभे. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अंदमानात २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. जे जगलेत, नव्याने वाढतायत, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. नीट तरंगायला शिकायचं ते यासाठीही. ट्राय डाइव्हमध्ये हे सगळं दिसतं, नाही असं नाही. पण तिथे तुमचा श्वास दुसरा कोणीतरी सांभाळत असतो.

माझ्या हातात कार्ड आलं, नवऱ्याच्या नाही. त्याचे उरलेले दोन डाइव्ह नंतर दुसऱ्या सेंटरमध्येही पूर्ण करता येतात, ते तो करेल. पण आमच्या घरात एक नवीन खूण रुजलीय. पाहुण्यांच्या गर्दीत, शॉपिंगला, रात्री साडेनऊच्या ऑफिस कॉलवर दोघांपैकी एकाने अंगठा वर केला की दुसऱ्याने उठायचं. कारण विचारायचं नाही!

जाण्यापूर्वी...

• सीझन साधारण नोव्हेंबर ते मेचा मध्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो.

• दमा, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन यातलं काही असेल तर मेडिकल फॉर्मवर लपवू नका. आधी डॉक्टरांची परवानगी घ्या.

• सर्दी झाली असेल तर डाइव्ह पुढे ढकला, म्हणून हाताशी एक जास्तीचा दिवस ठेवा.

• शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. तो दिवस राधानगरच्या सूर्यास्तासाठी राखून ठेवा.

• प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणणं हा गुन्हा आहे. आठवण डोळ्यांत आणा.